पेरूखालची राख

राधाकिशननं परसातल्या दगडी डोणीत घागरभर पाणी ओतलं आणि छबूबाईच्या मनात पाल चुकचुकली.

आता नवऱ्यानं डोणीत पाणी ओतलं, यात पाल चुकचुकण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं राधाकिशनला पाहिलेलं नाही. लग्न झाल्यापासून या माणसानं घरात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता. तहान लागली की तो माठाकडं बघायचा, आणि माठ काही चालत येत नाही असं दिसलं की बायकोकडं बघायचा. शिवाय डोणी गुरांची. शेवटचा बैल विकून जमाना झाला होता. दावणीला शेपूट नाही आणि हे महाशय हापशावरून घागर वाहून डोणी भरतायत, तेही बायको दळणाला गेल्याची वेळ साधून! गिरणीची लाइट गेली म्हणून छबूबाई अर्ध्या वाटेतून परतली, नाहीतर तिला कळलंही नसतं.

"काय करायलाव?" तिनं मागच्या दारातूनच विचारलं.

राधाकिशन दचकला. "काई न्हाई. पाखरं येतेत पाण्याला."

"पाखरं घागरभर पितेत व्हय?"

"आंघोळ बी करतेत," असं म्हणून तो रिकामी घागर घेऊन तिच्या बाजूनं घरात शिरला. तिच्याकडं बघितलं नाही.

ज्या माणसाला स्वतःच्या आंघोळीची आठवण करून द्यावी लागते, त्याला पाखरांच्या आंघोळीचा एवढा कळवळा! छबूबाई दळणाचा डबा खाली ठेवून बराच वेळ त्या डोणीकडं बघत राहिली.

छबूबाईचा स्वभाव संशयी होता हे पेडगावच्या वाटेवरच्या त्या लहानशा गावात सगळ्यांना माहीत होतं. भाजीवाल्याचा तराजू ती उलटा करून बघायची. डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर एक अर्धी आधी नवऱ्याला द्यायची. पण तिचा हा स्वभाव काही आकाशातून पडला नव्हता. पंचवीसएक वर्षं तिनं आणि राधाकिशननं ऊस तोडला होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. या कोयत्याची मूठ राधाकिशन आणि पातं छबूबाई, असं टोळीतली माणसं म्हणायची. राधाकिशन कुणालाही भाऊ म्हणायचा आणि कुणाचंही खरं मानायचा. अशा माणसाबरोबर परमुलखात राहायचं तर दोघांच्या वाट्याचा संशय एकीलाच घ्यावा लागतो.

फडाशेजारी राहायला कोपी असायची, उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची. कोपीला दार नसतं, मग कुलूप कशाला लावणार? त्यावर छबूबाईनं युक्ती काढली होती. निजायच्या आधी ती चुलीतली राख चाळून कोपीभोवती पातळ पसरायची आणि सकाळी उठून आधी पावलं बघायची. एकदा गोडेतेलाची बाटली पळवणाऱ्या बाईला तिनं नुसत्या अंगठ्याच्या ठशावरून धरलं. तेव्हापासून टोळीतल्या सगळ्याच बाया राख पसरू लागल्या.

दसरा झाला की निघायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं, असा दरवर्षीचा क्रम. म्हणजे आपल्याच घराचा हिवाळा या नवरा-बायकोनं इतक्या वर्षांत पाहिलेला नव्हता. यंदा छबूबाईचा गुडघा असा धरला की उकिडवं बसता येईना. परभणीत ऑटो चालवणारा त्यांचा मुलगा परमेश्वर म्हणाला, "आता बास. यंदा कारखान्याला जायचं न्हाई, घरीच ऱ्हायचं." आणि ती दोघं घरी राहिली.

घरी राहिली आणि छबूबाईच्या लक्षात आलं की आपण इथं पाहुणे आहोत.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, मागं परस. परसात एक लिंब, एक पेरू, ती डोणी आणि तिन्ही बाजूंनी बाभळीच्या काट्यांची कुपाटी. थंडी पडल्यावर या परसात सकाळ-संध्याकाळ नुसती वर्दळ सुरू झाली. सातभाई यायचे आणि बांधावरच्या भावकीसारखे भांडायचे. भारद्वाज कुपाटीच्या कडेकडेनं लाल डोळे रोखून चालायचा, जसा काही जमीन मोजायला आलाय. लिंबाच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं होतं. छबूबाई भांडी घासायला बसली की दोघं मान वाकडी करून तिच्या हातांकडं बघायची. खारींनी तर तिला बघून असा आरडाओरडा केला की तीच दोन पावलं मागं सरली.

"माझ्याच घरात माझ्यावरच शक!" ती म्हणाली.

"त्यानला काय म्हाईत तू कोण हाईस ते," राधाकिशन म्हणाला. "थंडीत कवा दिसलीस का तू इथं?"

सगळ्यांत आगाऊ होतं एक मुंगूस. चांगलं मोठं, करड्या अंगाचं. ते भरदुपारी कुपाटीतून यायचं, मागच्या दोन पायांवर उभं राहून घराकडं बघायचं, मग आरामात डोणीपाशी जायचं. छबूबाईनं चप्पल फेकली तरी पळायचं नाही, थोडं बाजूला व्हायचं. तिला त्याचा फार राग यायचा. आणि राधाकिशनला तिच्या चप्पल फेकण्याचा. तो उठून चप्पल आणून द्यायचा आणि तोंड कडू करून बसायचा. हेही तिनं मनात नोंदवून ठेवलं.

कुपाटीत ज्या जागी मुंगूस शिरायचं, तिथं काटे बाजूला सरकलेले होते आणि तिथून पेरूपर्यंत एक पायवाट पडली होती. ही पायवाट छबूबाईच्या चांगल्या ओळखीची होती. तिच्यामुळंच तर सगळं रामायण झालं होतं.

पेरूचं रोप परभणीच्या विद्यापीठातून आणलेलं, सरदार जातीचं. छबूबाईनं स्वतः लावलं होतं. पण सरदार पेरूचा खरा बहर येतो हिवाळ्यात. पावसाळ्यात जो येतो तो पाणचट, आत अळ्या. म्हणजे स्वतः लावलेल्या झाडाचा गोड पेरू छबूबाईनं कधी तोंडात घातला नव्हता. झाड मोठं होऊन पहिला चांगला बहर आला, त्या वर्षी पाडव्याला ती मोठ्या आशेनं घरी परतली. झाड हिरवंगार, पण एक फळ नाही. कुपाटीला भगदाड आणि त्यातून सरळ झाडापर्यंत मळलेली वाट. आणि कुपाटीच्या पलीकडं कुणाचं घर? बायनाबाईचं.

बायनाबाई ही तिची थोरली जाऊ. राधाकिशनचा मोठा भाऊ तात्याराव त्याच हिवाळ्यात, पौषात वारला होता. दोघंही निघाले तर टोळी अडते म्हणून एकटा राधाकिशन येऊन गेला होता. छबूबाईनं परतल्यावर जावेच्या गळ्यात पडून रडायचं, ते सोडून ती परसात उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. नवरा मेल्यावर दुसऱ्याच्या झाडावर हात मारायची पाळी आली का, असंही बोलली. बोलायला नको होतं. बायनाबाई कुपाटीपाशी आली आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या झाडाचा पेरू माझ्या घशाखाली उतरला असंल तर माझ्या तोंडात माती पडो." आणि आत गेली ती गेलीच. त्यानंतर दोन घरांत बोलणं नाही, एकमेकींच्या घरचं पाणी नाही. परमेश्वर तोवर हिवाळ्यात मोठ्या आईपाशी, म्हणजे बायनाबाईपाशी, राहून शाळेत जायचा. छबूबाईनं त्याला उचलून परभणीच्या वसतिगृहात टाकलं. पोरगं महिनाभर रडत होतं म्हणतात.

दरवर्षी पाडव्याला परतलं की तेच. झाड हिरवं, फळ नाही, वाट मळलेली. आणि दरवर्षी छबूबाई मनात म्हणायची, एकदा सापड गं बाई.

यंदा तशी संधी होती आणि फार दिवस नव्हती. बायनाबाईचा मुलगा दत्ता परभणीत एका दुकानात कामाला होता. तो आईला कायमचं घेऊन जाणार होता. संक्रांत झाली की टेंपो येणार, घराला कुलूप लागणार. छबूबाईला घोर लागला तो याचाच. चोर न सापडता गेली तर जन्मभर तीच साळसूद ठरणार आणि आपण भांडकुदळ. परमेश्वर अजूनही सणाला मोठ्या आईच्या पाया पडायला गपचूप जातो हे छबूबाईला कळलेलं होतं. पोटच्या पोरानंसुद्धा आपल्याला खोटं धरलंय, ही गोष्ट तिला गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होती.

झाड यंदा पेरूंनी लगडलं होतं. तिनं जुन्या साड्यांच्या चिंध्या पेरूंना बांधल्या. तरी रोज सकाळी दोन-चार चिंध्या फाटलेल्या आणि आतले पेरू अर्धे खाल्लेले. खाली पडलेले ती गोळा करायला गेली की राधाकिशन म्हणायचा, "ऱ्हाऊ दे की खालचे. खालचे कोणी का खाईना."

"कोण खातंय मंग?"

"खात असंल कोणीबी."

हे 'कोणीबी' तिला खटकलं. मग तिनं नवऱ्यावर पाळत ठेवली. पाळतीत काय दिसलं? तिन्हीसांजेला तो कुपाटीच्या भगदाडापाशी उभा होता आणि पलीकडून बायनाबाई. दोघं हळू आवाजात बोलत होती. "भाऊजी, डोणी कोरडी तर न्हाई ना?" एवढं तिला ऐकू आलं. बाकी बोलणं सातभाईंच्या कलकलाटात बुडालं.

छबूबाईच्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. दीर-भावजय सामील आहेत. डोणी ही काहीतरी खूण असणार. डोणी भरली म्हणजे बायको घरात नाही, या आणि पेरू न्या! असा तिनं हिशोब मांडला. आता हा हिशोब किती अर्धवट आहे हे कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं, पण शक एकदा धरला की माणूस त्याला स्वतःच्या हातानं खाऊ घालून मोठा करतो. रात्री जेवताना तिनं नवऱ्याला भाकरी वाढली ती लांबूनच.

आणि तिनं आपला जुना उपाय काढला. दिवेलागणीला राधाकिशन पारावर गेला तेव्हा तिनं चुलीतली राख चाळणीनं चाळली. भगदाडाच्या तोंडापासून पेरूच्या बुडापर्यंत पातळ, सारखी पसरली, कुठं गोळा राहू दिला नाही. गुडघा ठणकत होता तरी वाकून वाकून पसरली. मग हात झटकून समाधानानं आत आली.

सकाळी तांबडं फुटताच ती परसात गेली. राखेवर पावलंच पावलं होती. मांजरापेक्षा मोठी, पाच बोटांची, म्हणजे उदमांजराची. ती झाडाच्या बुडाशी जाऊन संपत होती. बारीक नखांची दुहेरी ओळ, ती मुंगसाची. सातभाईंच्या उड्या. एका ठिकाणी उंदराचं शेपूट घासत गेलेलं. माणसाचं पाऊल एकही नव्हतं. छबूबाईनं दोनदा, तीनदा पाहिलं. झाडाखाली ताज्या खाल्लेल्या पेरूची साल होती आणि तिच्यावर उदमांजराच्या दातांच्या खाचा होत्या.

याचा अर्थ काय घ्यायचा या विचारात ती उभी होती, तेवढ्यात कुपाटीपलीकडून किंकाळी आली.

"अगं बया गं! जित्त्या माणसाच्या वाटंवर राख पसरली!"

बायनाबाई भगदाडापाशी उभी होती. तिची नजर राखेवर खिळली होती. "छबे, मी मरावं म्हणून राख पसरलीस? चार दिसात जायलेच होते ना मी. तेवढे बी तुला दम निघंना?"

गल्ली जमा झाली. कुणीतरी म्हणालं, करणी केली. कुणी म्हणालं, शिव शिव. तेव्हा कुठं छबूबाईच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. गावात राख पसरतात ती माणूस गेल्यावर. जिथं जीव गेला ती जागा सारवून तिच्यावर राख पसरायची आणि सकाळी बघायचं, कुणाचं पाऊल उठलंय. ज्याचं उठलं त्या जन्माला गेलेला माणूस गेला असं धरतात. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी आजीच्या वेळी तिनं पाहिलंही होतं. पण अर्धं आयुष्य कोपीत गेलेल्या बाईला राख म्हटलं की चोर आठवतो. मरण आठवत नाही.

बायनाबाई पदरात तोंड खुपसून आत गेली. लोक कुजबुजत पांगले. आणि राधाकिशन चिडला. त्या गल्लीत हे दृश्य आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. तो छबूबाईच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याचा आवाज फाटला.

"काय केलंस हे? कामून केलंस?"

"चोर धरायला केलं," ती म्हणाली. "तुमी दोघं मिळून काय करायलाव ते बघायला केलं. डोणी कामून भरताव तुमी? ती काय पुसत होती तुमाला?"

राधाकिशन मटकन डोणीच्या काठावर बसला. मग जमिनीकडं बघत बोलू लागला.

"दादा गेला तवा मी आलतो. ओसरीवर राख पसरली होती. सकाळी वैनीनं मला हाक मारली. राखेवर मुंगसाचं पाऊल होतं. ओसरीवरून उतरून ह्या भगदाडातून आपल्या परसात गेलेलं. वैनी तवाच म्हनली, भाऊजी, ते तुमच्याकडं आलेत बगा, धाकट्याच्या घरी. तवापासून आपण कारखान्याला गेलो की ती रोज येऊन डोणीत पाणी घालायलीय. यंदा तू घरी हाईस, तिला येता येईना. म्हणून मला म्हनली, तुमी घाला."

"अन् मला कामून सांगितलं न्हाई?"

"तिनं शपथ घातली. छबी हसंल म्हनली."

"अवं, मी तिला सगळ्या गल्लीम्होरं चोर म्हनले. तवा बी तुमी गप बसलाव?"

राधाकिशननं डोणीतल्या पाण्यावरची काडी उचलून बाजूला टाकली. छबूबाईला त्या क्षणी त्याची अशी चीड आली की हातातली चाळणी तिनं त्याच्या पायाशी आपटली. एक शब्द, फक्त एक शब्द हा माणूस बोलला असता तर पोरगं वसतिगृहात रडलं नसतं. पण संताप ओसरल्यावर तिला स्वतःचंही दिसू लागलं. हसली असती का ती? हसलीच असती. आणि वर म्हणाली असती, पेरू चोरायला बरं सोंग काढलंय.

मग ती पेरूच्या झाडापाशी गेली. विश्वास एकदम ठेवायचा हे तिच्या रक्तातच नव्हतं, त्यामुळं नवऱ्याचं बोलणंही तिनं आधी तपासायला घेतलं. झाडाभोवती आळं होतं, नीट गोल, माती भुसभुशीत. दर पाडव्याला ते असंच असायचं. चोरानं माती कशाला उकरली असेल, असं तिला दरवर्षी वाटायचं. आता ती वेगळ्या रस्त्यानं विचार करू लागली. आपण दसऱ्याला जायचो. मग पाडव्यापर्यंत आभाळातून थेंब नाही. काळी जमीन, भेगा पडणारी. कोवळं रोप. परसात नळ नाही, विहीर नाही. आणि पाडव्याला झाड हिरवंगार! हे हिरवंगार झाड ती दरवर्षी डोळ्यांनी बघत होती आणि दरवर्षी फक्त फळं शोधत होती. सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या बाईला एवढाच संशय कधी आला नाही, की कुणीतरी पाणी घातल्याशिवाय हे झाड जगलं कसं?

ती तिथंच बसली. गुडघा वाकत नव्हता, तशीच पाय लांब करून बसली आणि रडली. राधाकिशन लांबून बघत राहिला. जवळ यायची त्याची हिंमत झाली नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बायनाबाईच्या दारात टेंपो लागला. दत्ता सामान चढवत होता. छबूबाईनं झाडावरचे चांगले पिकलेले पेरू टोपलीत घेतले आणि भगदाडातून न जाता गल्लीतून, सगळ्यांच्या समोरून जावेच्या दारात गेली. ते जाणं सोपं नव्हतं. गल्ली बघत होती आणि ही काय नवीन घेऊन आली, असं प्रत्येकाच्या डोळ्यांत होतं. असल्या नजरेनं आपण आजवर किती जणांकडं पाहिलं, असं तिच्या मनात आलं.

"आक्का," ती म्हणाली, "माझं चुकलं. राख मी चोर धरायला पसरली होती, तुमच्या वाईटासाठी न्हाई. अन् चोर बी तुमी नव्हत्या. कवाच नव्हत्या."

बायनाबाईनं टोपलीकडं पाहिलं, हात पुढं केला नाही. "बरं," म्हणाली.

"पेरू घ्या की."

"ऱ्हाऊ दे." बायनाबाई चुलीवरची राख झाडत होती, चूल सोबत न्यायची नसली तरी. मग न बघताच तिनं विचारलं, "डोणीत पाणी कोण घालील आता? भाऊजी इसरभोळे हायेत."

"मी घालीन."

"तू?" बायनाबाई पहिल्यांदा तिच्याकडं वळली. "तू चप्पल मारतीस. मी पलीकडून बघते की. तुझ्यावर इस्वास कसा ठिवू मी?"

छबूबाईनं शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. शपथ तर बायनाबाईनंही घेतली होती, मातीची. तिनं कुठं मानली होती? काय दाखवावं, कशावर हात ठेवावा, म्हणजे ही बाई आपलं खरं मानेल, हे तिला काही केल्या सुचेना. दाखवण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

"एकदा परस बघून येते," बायनाबाई म्हणाली आणि दत्ताला थांबायला सांगून मागच्या दारानं निघाली. छबूबाईनं टोपली तिथंच ठेवली आणि तीही मागोमाग गेली. दोघी भगदाडातून छबूबाईच्या परसात आल्या. राख राधाकिशननं कधीच झाडून टाकली होती. छबूबाईचा गुडघा बोंबलत होता म्हणून ती मागच्या दाराच्या पायरीवर पाय लांब करून टेकली. बायनाबाई कुपाटीपाशीच उभी राहिली. दोघींत परसभर अंतर होतं.

तेवढ्यात ते आलं. कुपाटीतून निघालं, उभं राहून घराकडं बघितलं आणि संथपणे डोणीकडं चालू लागलं. त्याची वाट पायरीच्या अगदी समोरून होती.

छबूबाईला काही कळायच्या आत तिनं लांब केलेले पाय आखडून घेतले. दाराची चौकट धरून, ओठ दातांखाली दाबून ती उठून उभी राहिली. डोक्यावरून पदर पुढं ओढला, तोंडावर येईल इतका, आणि खाली बघत भिंतीकडं सरकली. थोरले दीर ओसरीवर आले की धाकटी भावजय जशी बाजूला होते, तशी. तात्याराव असताना ती अशीच व्हायची. माणसाचं मुंगूस होतं यावर तिचा विश्वास बसला होता असं मुळीच नाही. उद्या कुणी विचारलं तर तिनं शंभर शंका काढल्या असत्या. पण अंगानं तिला विचारलंच नाही.

मुंगूस पाणी प्यायलं आणि आलं तसं गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत छबूबाईनं मान वर केली नाही.

बायनाबाई तिच्याकडं बघत होती. मग ती जवळ आली आणि छबूबाईचा पदर तिनं स्वतःच्या हातानं मागं सारला.

"रोजच्याला ताजं घाल," ती म्हणाली. "शिळं पाणी त्यानला चालत न्हाई."